इंजिन तापू नये, चौकट पिळू नये

लकडगंजातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल: जुन्या घाटणीची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. पण गटाच्या बैठकीत आता गॅरेजसाठी, वेल्डिंग मशीनसाठी, गाडी नव्याने बांधण्यासाठीही कर्ज मागितले जाते. कुणाचा मुलगा आयटीआय करून आलेला असतो, कुणाची मुलगी. पैसा सगळ्यांचा असतो. म्हणून हो किंवा नाही म्हणण्याआधी काम काय आहे, ते कळलेले बरे.

इंग्लंडमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची दोन माणसांची हलकी गाडी आणली. पातळ लोखंडी नळ्यांची चौकट आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. जगभर तिच्या प्रतिकृती झाल्या. आपल्या महाराष्ट्रातही, अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच वळणाची ‘रोडस्टर’ बनवली. तिला इंजिन बसवले ते आपल्या ओळखीचे, ॲम्बेसेडरमधले १.८ लिटरचे इसुझू इंजिन. अशा गाड्यांच्या दोन कायमच्या दुखण्या असतात: इंजिन तापणे आणि चौकट पिळणे.

आधी तापण्याचे पाहू. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात जातो. ते पाणी रेडिएटरमध्ये वाऱ्याने थंड होते. समजा पाणी ९० अंशांवर आहे. बाहेर २५ अंश असतील, तर फरक ६५ अंशांचा. बाहेर ४७ अंश असतील, तर फरक उरतो ४३. म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. थंड मुलुखातल्या गाडीची नक्कल इथे जशीच्या तशी का चालत नाही, ते यावरून समजते.

लगेच मोठा रेडिएटर आणू नये. आपला कूलर आठवा. खिडक्या-दारे बंद करून कूलर लावला, तर खोली दमट होते, थंड होत नाही. हवा आत यायला जशी वाट हवी, तशी बाहेर जायलाही हवी. गाडीचेही तसेच आहे. नाकाडातून आलेली हवा रेडिएटरच्या कडेच्या फटींतून निसटत असेल, तर त्या फटी रबर किंवा फोमने बुजवाव्यात. पंख्याभोवती घेर बसवला, की पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढतो. आणि गरम हवा निघून जावी म्हणून बॉनेटला किंवा बाजूला झरोके ठेवावेत.

रेडिएटरचे झाकण म्हणजे आपल्या कुकरची शिट्टी. आत दाब राहिला, की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले, की नवे इंजिनही उकळते. तापलेल्या गाडीचे झाकण मात्र कधीच उघडू नये. शिट्टी न काढता कुकर उघडल्यासारखेच होते, तोंड-हात भाजतात. या गाड्यांचे नाक बुटके, त्यामुळे रेडिएटर इंजिनापेक्षा खाली येतो आणि वर हवा अडकते. पाणी भरायची टाकी सगळ्यात उंच जागी बसवली, की ती हवा निघून जाते. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवयही बरी नव्हे. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही.

आता चौकट. लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार, त्यामुळे हे आपल्याला सोपे जाईल. चार पट्ट्यांची चौकोनी चौकट कोपऱ्याला धरून ढकलली, तर तिरपी होते. सुतार तिला एक तिरकी पट्टी मारतो आणि ती जागची हलत नाही. त्रिकोणाचा आकार बाजू वाकल्या-तुटल्याशिवाय बदलत नाही, म्हणून. गाडीच्या नळ्यांतही असेच त्रिकोण करतात.

दुसरे उदाहरण जोड्याच्या खोक्याचे. झाकण काढून दोन्ही टोके उलट दिशेला पिळा, खोका सहज वळतो. झाकण चिकटवा, मग पिळून पाहा. उघड्या गाडीला टपाचे झाकण नसते. म्हणून मधला गिअरचा बोगदा चारी बाजूंनी बंद करतात, तळाचा पत्रा चिकटवून रिव्हेट मारतात. नळी निवडतानाही शहाणपण लागते. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण पिळाला विरोध सुमारे आठपट होतो.

चौकट पिळली तर काय बिघडते? खड्ड्यात स्प्रिंगऐवजी चौकटच वाकते, वळणावर गाडी हवी तशी वळत नाही, दाराच्या कोपऱ्याला फायबरमध्ये भेगा पडतात. तपासायला सोपी रीत आहे: मागची चाके जमिनीवर ठेवून पुढचा एक कोपरा जॅकने उचलायचा आणि दाराची फट मोजायची. बदल करण्याआधी मोजा, नंतर मोजा, आणि एका वेळी एकच बदल करा.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितले. चौकट कापून-जोडून केलेली गाडी आरटीओत अडकली, तर हप्ता थांबत नाही. अपघात झाला, तर विमाही अडचणीत येतो.

म्हणून अशा कामाला कर्ज मागितले, तर मैत्रिणींनो, तीन प्रश्न विचारा. नोंदणीचे काय, लेखी दाखवाल का? वेल्डिंग कोण करणार, शिकलेला हात आहे का? आधी काय मोजले आणि नंतर काय मोजणार? मुलगा असो की मुलगी, ज्याला किंवा जिला याची सरळ उत्तरे देता येतात, त्या हातांत कसब आहे असे समजा. अशा अर्जावर गटाने मन लावून विचार करावा. उत्तरे नसतील, तर आधी शिकून ये म्हणावे. त्यात कुणाचा अपमान नाही, आणि आपली बचतही सुरक्षित राहते.