तेंदूची रोकड की बांबूचं रान?

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव हे लहानसं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला मिळाला. मग तेंदूपत्त्याचं काय करायचं, हा प्रश्न आला. ऐन उन्हाळ्यात, पेरणीच्या खर्चाआधी हातात पडणारी ही रोकड. ती कोण सोडेल?

पाचगावच्या ग्रामसभेनं सोडली.

अनेक बाजू असलेल्या निर्णयासाठी व्यवस्थापनशास्त्रात रूढ पद्धत आहे. निकष ठरवायचे, त्यांना वजन द्यायचं, पर्यायांना गुण देऊन बेरीज करायची. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात तिला शिस्त लावली. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून कोणता किती पट महत्त्वाचा, हे १ ते ९ या मापात सांगायचं. ही बेरीज खरी ठरते ती निकष एकमेकांपासून सुटे असतील तरच. जंगलात सुटं काय असतं?

भरपूर कोवळी पानं फुटावीत म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, पुष्कळ ठिकाणी आगही लावतात. छाटलेल्या झुडपाला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत. पाखरांचं आणि माणसांचंही खाणं जातं. आग पसरली की बांबूची कोवळी रोपं होरपळतात, आणि गावाची मोठी भिस्त बांबूवरच. तेंदूच्या रकान्यातली जमा अशी बांबूच्या रकान्यातून वजा होत राहते. साटी यांनीच पुढे अशा गुंत्यासाठी जाळ्याची पद्धत मांडली. तिच्यात कोणता निकष कोणाला ओढतो, हे आधी तपासतात. पाचगावकरांनी हे धागे अनुभवातून ओळखले, आणि रोकड सोडण्याचं धाडस केलं. ते मोठंच होतं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर निर्णयाची रीतच घडवली. तिथे अभ्यासगट विषयाची चिरफाड करतो, पण ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. ठरवते ग्रामसभा, तीही सर्वसहमतीनं. एकाचीही हरकत असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, पण तो सत्कारणी लागतो. टेंभरं वेचणारी बाई, गुरं राखणारा पोरगा यांना जो धागा दिसतो तो तक्ता करणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो, आणि बहुमताच्या मोजणीत त्यांचा आवाज दबला असता.

असं ठरवणाऱ्या या ग्रामसभेच्या हाती अधिकारही आला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते मेंढ्याच्या ग्रामसभेला बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक मिळालं. तेव्हापासून विकलेला बांबू गावाबाहेर जाताना परवाना देते ती ग्रामसभाच.