कागद शोधून देणारी माणसं

विद्यापीठांच्या ‘स्पेशल कलेक्शन्स’मध्ये बसून जगभरातून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं शोधायची, अशीही एक नोकरी असते. तिचं नाव रेफरन्स अर्काइव्हिस्ट.

समजा, तुमच्या ग्रुपला डॉ. आनंदीबाई जोशींवर प्रोजेक्ट मिळालाय. गुगल करून झालं, विकिपीडिया झाला, सिनेमाही बघून झाला. आणि सर म्हणतात, ‘‘हे तर सगळ्यांनीच आणलंय. एखादा मूळ कागद दाखवा ना!’’

आता शोधायचं कुठे? इंग्रजीत ‘जोशी’ लिहिताना आपण शेवटी ‘आय’ लावतो. आनंदीबाई दोन ‘ई’ लावायच्या. म्हणजे पहिल्याच पायरीवर गाडी अडकण्याची शक्यता. दुसरी अडचण त्याहून मोठी. ज्या कॉलेजातून त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, ते फिलाडेल्फियाचं ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ त्या नावाने आज अस्तित्वातच नाही. नावं बदलत, विलीन होत ते शेवटी ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात सामावलं गेलं. संस्थेचं नाव गेलं, पण तिचे कागद वारसाकडे आले. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, आपापल्या देशाच्या पोशाखातल्या या तिघींचा १८८५ चा फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर महिला दिनाला हमखास येत असेल. तो या ड्रेक्सेलच्या संग्रहातला आहे. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी कॉलेजला लिहिलेलं पत्रही तिथेच आहे.

‘स्पेलिंग बदलून बघा’ आणि ‘कॉलेज नाही, त्याचा वारस शोधा’ ही दोन वाक्यं तुम्हाला सांगणारं माणूस म्हणजे रेफरन्स अर्काइव्हिस्ट.

याला नेमका मराठी शब्द अजून रुळलेला नाही. सरकारी मराठीत ‘पुराभिलेख’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो ऐकून कुणाला या कामाची ओढ लागेल असं वाटत नाही. आपला जुना शब्द जास्त छान आहे: दप्तर. हल्ली दप्तर म्हटलं की शाळेची बॅग आठवते, पण पेशवे दप्तर म्हणतो तेव्हा आपण कागदांच्या संग्रहाबद्दलच बोलत असतो. विद्यापीठातलं स्पेशल कलेक्शन म्हणजे साधारण असंच दप्तर. दुर्मिळ पुस्तकं, हस्तलिखितं, कुणाची पत्रं, डायऱ्या, फोटो, शिवाय विद्यापीठाचे स्वतःचे जुने रेकॉर्ड्स. हे काही फक्त परदेशात असतं असं नाही. कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी दिलेली इस्माइली हस्तलिखितं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि त्यांची वर्णनात्मक सूची विद्यापीठाने १९६५ मध्ये छापली. राजाबाई टॉवरसमोर सेल्फी काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

लायब्ररी आणि अर्काइव्ह यांतला फरक एकदा समजला की या माणसाची गरज का पडते तेही समजतं. लायब्ररीत पुस्तकं विषयाप्रमाणे लावतात. इतिहासाची इतिहासाजवळ, केमिस्ट्रीची केमिस्ट्रीजवळ. दप्तर तसं लावत नाहीत. ते ज्याचं, त्याच्या नावाने राहतं, आणि शक्यतो त्याने स्वतः ज्या क्रमाने ठेवलं होतं त्याच क्रमाने. सूची असते, पण ती बहुतेक वेळा फोल्डरपर्यंतच पोहोचते. ‘पत्रव्यवहार, १९३५’ एवढंच लिहिलेलं असतं. आत दोनशे पत्रं आहेत, त्यातलं एक तुमच्या गावाबद्दल आहे, हे सूचीत नसतं. त्यामुळे कॉम्प्युटरने ‘नो रिझल्ट्स’ म्हटलं तरी कागद नाही असं समजायचं कारण नाही.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. १९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन दिल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. आपल्याकडच्या अस्पृश्यांची स्थिती आणि तिकडची स्थिती यांतलं साम्य सांगून त्यांनी त्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिलं, निवेदन पाठवलं आणि अस्पृश्यांबद्दल आपली सहानुभूती कळवली. दोन खंड, दोन लढे आणि मध्ये दोन पानं.

हे पत्र आज कुठे असेल? तुम्ही दिल्ली म्हणाल, मुंबई म्हणाल. ते आहे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट कॅम्पसमधल्या स्पेशल कलेक्शन्समध्ये. कारण साधं आहे: पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिलं त्याच्याकडे जातं. बाबासाहेबांचं पत्र ड्यू बॉइस यांच्या टेबलावर गेलं आणि तिथून त्यांच्या कागदपत्रांत. उत्तराची प्रतही त्यांच्याच कागदांत राहिली, म्हणून संवादाच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी वाचता येतात. हा संग्रह विद्यापीठाकडे १९७३ मध्ये आला. पेट्या एकाला एक लावून ठेवल्या तर रांग सुमारे १६८ फूट होते. आता तो स्कॅन होऊन ऑनलाइन आहे, तुम्ही फोनवरही बघू शकता. पण ‘बाबासाहेबांचं पत्र शोधायचं तर ड्यू बॉइसच्या पेटीत’ हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

उलटंही होतं. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. त्यांचे खासगी कागद मात्र दिल्लीत, राष्ट्रीय अभिलेखागारात. आणि कधी काहीही भव्य नसतं, एक साधी ऑफिसची फाइल असते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने विद्यार्थी भीमराव आंबेडकरांची फाइल सांभाळून ठेवली आहे. एका विद्यार्थ्याची फाइल, बस. तेव्हाच्या कारकुनाला पुढचं काय माहीत?

स्पेलिंगचा घोळ आपण पाहिला. त्याहून अवघड असतात जुने शब्द. १९२०-३० च्या दशकातल्या इंग्रजी सरकारी कागदांत ‘दलित’ शोधाल तर फारसं काही मिळणार नाही. तिथे ‘डिप्रेस्ड क्लासेस’ आहे आणि १९३५ च्या कायद्यापासून ‘शेड्यूल्ड कास्ट्स’. १८५७ चा ‘उठाव’ शोधायचा तर ‘म्युटिनी’ टाइप करावं लागतं, मनाला पटो वा न पटो. ठाणं ‘टान्ना’ असू शकतं. आणि बायका? त्या बऱ्याचदा ‘मिसेस’च्या पुढे नवऱ्याच्या नावात दडलेल्या असतात. ज्यांनी कागद लिहिले, सूची केल्या, त्यांची भाषा आपली नव्हती. तिथे पोहोचायचं तर आधी त्यांच्या भाषेतून जावं लागतं, आणि ही दुभाषाची कामगिरी रेफरन्स डेस्कवर रोज चालते.

तिथला संवाद साधारण असा असतो:

‘‘मॅडम, १९४२ च्या चळवळीवरचं मटेरियल आहे का?’’

‘‘आहे की, पुष्कळ आहे. कशासाठी हवंय?’’

‘‘असंच, प्रोजेक्ट आहे.’’

‘‘प्रोजेक्ट कशावर?’’

‘‘आमच्या कॉलेजवर. तेव्हा मुलं म्हणे वर्ग सोडून गेली होती.’’

शेवटचं वाक्य ऐकल्यावर मॅडमच्या डोक्यातली पेटीच बदलते. आता चळवळीच्या नेत्यांची पत्रं नकोत. त्या ऑगस्टचे हजेरीपट हवेत, प्राचार्यांचा सरकारशी झालेला पत्रव्यवहार हवा, होस्टेलची वही हवी, त्या वर्षीचं कॉलेजचं नियतकालिक हवं. मुलाने विचारलं होतं एक आणि त्याला हवं होतं दुसरं. असं सगळ्यांचंच होतं, प्राध्यापकांचंही. म्हणून या कामात प्रश्न ऐकण्याला फार किंमत आहे. ‘मी इंट्रोव्हर्ट आहे, मला माणसं नकोत, कागद द्या’ असं म्हणून कुणी या वाटेला जात असेल तर त्याने दुसरी खोली शोधावी. डेस्कवर पीएचडीवाले येतात, डॉक्युमेंटरीवाले येतात, पणजोबांचं नाव शोधणारे आजोबा येतात, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचे ई-मेल येतात. दिवसाचा बराच वेळ या ई-मेलमध्येच जातो.

त्यात हल्ली एक नवीन डोकेदुखी. चॅटबॉट छातीठोकपणे पेटी क्रमांक आणि फाइल क्रमांक देतो, आणि अशी फाइल जन्मालाच आलेली नसते. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अर्काइव्ह्जला तर याबद्दल जाहीर सूचना द्यावी लागली. नसलेली फाइल नाही हे सिद्ध करायला, असलेली शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो हो!

रीडिंग रूममध्ये शिरलात की नियमांची यादी समोर येते. बॅग लॉकरमध्ये. पेन नाही, फक्त पेन्सिल. पाण्याची बाटली बाहेर. एका वेळी एकच फोल्डर, आणि आतल्या कागदांचा क्रम बदलायचा नाही. पांढरे हातमोजे मात्र बहुतेक ठिकाणी मिळणार नाहीत. सिनेमात दिसतात, पण सुती मोज्यांनी बोटांना कागदाची कड कळत नाही आणि जुनं पान फाटू शकतं. स्वच्छ, कोरडे हात पुरतात. मोजे फोटो आणि निगेटिव्हसाठी.

कधी ‘नाही’ही ऐकावं लागतं. हयात असलेल्या माणसाची विद्यार्थी म्हणून असलेली फाइल कुणालाही उघडून देत नाहीत. देणगीदाराने ‘अमुक वर्षांपर्यंत बंद’ अशी अट घातलेली असते. आणि कॉपीराइट: पेटी विद्यापीठाची असली तरी पत्रातल्या मजकुराचा हक्क ते लिहिणाऱ्याचा, त्याच्यानंतर वारसांचा. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या मजकुराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, अप्रकाशित पत्रांचा त्याहून जास्तही टिकू शकतो. फोटो काढून इन्स्टावर टाकण्याआधी विचारलेलं बरं.

सर्वांत जड ‘नाही’ मात्र वेगळं असतं. आनंदीबाईंचे कागद टिकले, कारण त्यांच्या कॉलेजला ऑफिस होतं आणि त्या ऑफिसने फाइल ठेवली. त्याच काळात इथल्या गावोगावी बाळंतपणं करणाऱ्या सुईणींच्या नावाची फाइल कुणी उघडली नाही. त्यांच्याबद्दल विचारायला कुणी आलं तर अर्काइव्हिस्टला डॉक्टरांचे अहवाल, कोर्टातल्या साक्षी, दवाखान्यांचे रिपोर्ट असं आडवाटेने जावं लागतं, आणि तिथे त्या भेटतात त्या दुसऱ्याच्या तोंडून, बऱ्याचदा तक्रारीच्या रूपात. चांगला रेफरन्स अर्काइव्हिस्ट असे रिकाम्या हाती परत गेलेले प्रश्न टिपून ठेवतो. पुढे कुणाचे कागद मिळवायचे, कुणाच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या, हे ठरवताना ती टिपणं कामी येतात. मला विचाराल तर या नोकरीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. तो जाहिरातीत लिहिलेला नसतो.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. आपल्याकडच्या विद्यापीठांत ‘रेफरन्स अर्काइव्हिस्ट’ अशी जाहिरात क्वचितच दिसते. लोक ग्रंथालयशास्त्राच्या वाटेने येतात, मुंबई आणि पुणे दोन्ही विद्यापीठांत त्याचे विभाग आहेत. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ अर्काइव्हल स्टडीजचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, शिवाय छोटे कोर्सही. परदेशात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात किंवा ग्लासगोला यातलं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, खर्च अर्थातच तिकडचा. बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये २०१९ पासून विज्ञानाच्या इतिहासाचं अर्काइव्ह आहे, अशोका विद्यापीठात समकालीन भारताचं. विद्यापीठांबाहेर पुण्यात टाटांचं आणि मुंबईत गोदरेजचं अर्काइव्ह आहे. पदं मोजकी, त्यातली अनेक प्रकल्पापुरती. घरी सांगताना ‘सेटल होशील का’ या प्रश्नाची तयारी ठेवा.

मराठी मुलांकडे एक पत्ता जास्तीचा आहे, तो म्हणजे मोडी. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि ते सहज वाचू शकणारे डोळे कमी. इतिहास, बी.कॉम., इंजिनीअरिंग, कुठलीही शाखा चालते. जमाखर्चाच्या वह्या वाचायला तर बी.कॉम.वालाच बरा.

नोकरी नको, फक्त कागद हवाय? मग ई-मेल लिहा. इंग्रजी फर्डं नसलं तरी चालतं, प्रश्न नेमका हवा. ‘सेंड मी एव्हरीथिंग ऑन आनंदीबाई’ असं लिहू नका. तुम्ही कोण, कशावर काम करताय, कुठे कुठे आधीच बघितलंय, कोणत्या वर्षांमधलं हवंय आणि कधीपर्यंत, एवढं पाच-सहा ओळींत सांगा. नावाची तुम्हाला माहीत असलेली सगळी स्पेलिंग्ज द्या. सबमिशनच्या आदल्या रात्री लिहू नका, उत्तराला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. आणि उत्तर आलं की त्यातला संग्रहाचं नाव, पेटी आणि फोल्डर क्रमांक जसाच्या तसा उतरवून ठेवा. पुढच्या वेळी तोच कागद मागताना पहिल्यांदा तेवढंच विचारतात.