सुकाणू-संदमक
मोटरसायकलचे पुढील चाक दगडावर आदळताच हँडलाला बसणारा हिसका द्रवाच्या रोधाने मंदावणारी प्रयुक्ती. दट्ट्याचा व घूर्णी हे हिचे दोन प्रमुख प्रकार होत. पहिल्यात दट्ट्या, तर दुसऱ्यात पाते तेलाला अरुंद छिद्रांतून ढकलते. हालचाल जितकी जलद तितका रोध अधिक. त्यामुळे सावकाश वळविताना हँडल फारसे जड होत नाही. खडबडीत मार्गांसाठी आटोपशीर घूर्णी प्रकार बहुधा सोयीचा ठरतो. निवड करताना रोध कमीजास्त करण्याची सोय पाहावी : वाळवंटात वेगाने जाताना तो अधिक, तर वळणावळणांच्या वाटेवर कमी लागतो. काही संदमकांत चाक मध्याकडे परतताना रोध होत नाही. अशा वाटांवर हे उपयुक्त असते. सुकाणूचे सैल बेअरिंग वा झिजलेला टायर यांवर मात्र संदमक हा उपाय नव्हे. तो ते दोष केवळ झाकतो. म्हणून आधी दुरुस्ती करावी.