माध्यमांची नवी खोती

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नाव कमावलेला पत्रकार नोकरी सोडतो आणि इंटरनेटच्या माध्यमात स्वतःचा उद्योग उभा करतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. मात्र या स्थित्यंतराची चर्चा करताना आपले लेखक आणि कार्यकर्ते ‘नवे माध्यम आले, आता सर्वांना बोलता येईल’ एवढ्यावरच थांबतात. बोलता येणे ही एक गोष्ट आणि बोलण्याच्या साधनावर मालकी असणे ही दुसरी. रायगडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. जमीन कसणारा वेगळा आणि जमिनीचा धनी वेगळा, हे या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. म्हणून या प्रश्नाची मांडणी मी इथूनच करणार आहे.

प्रथम परदेशातील एक उदाहरण पाहू. मार्क लिटल हा आयर्लंडमधील आरटीई या सार्वजनिक वाहिनीचा पत्रकार. वॉशिंग्टनहून त्याने वाहिनीसाठी वार्तांकन केले, पुढे चालू घडामोडींच्या कार्यक्रमाचा तो निवेदक झाला. २००९ मध्ये इराणमध्ये निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तिथली दृश्ये जगाला दाखवली ती मुख्यतः रस्त्यावरच्या सामान्य माणसांनी, आपल्या हातातल्या फोनवरून. २०१० मध्ये लिटलने डब्लिन येथे ‘स्टोरीफुल’ ही संस्था सुरू केली. तिचे काम समजून घेण्यासारखे आहे. घटनास्थळी हजर असलेल्या माणसाने टिपलेले चित्रण शोधायचे, ते खरे आहे की बनावट हे तपासायचे, चित्रण करणाऱ्याची परवानगी मिळवायची आणि मग ते मोठ्या वृत्तसंस्थांना पुरवायचे. बातमीची खाण साक्षीदाराकडे होती. लिटलने विकले ते त्या साक्षीवरचे विश्वासाचे शिक्कामोर्तब.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये रूपर्ट मरडॉकच्या न्यूज कॉर्पने ही संस्था १ कोटी ८० लाख युरोंना विकत घेतली. पुढे लिटलने आयन केर या पत्रकार महिलेसोबत ‘किन्झेन’ ही दुसरी संस्था काढली. तीही २०२२ मध्ये स्पॉटिफाय या बलाढ्य कंपनीने घेतली. मी या माणसाला दोष देत नाही. त्याने नवे काम उभे केले आणि ते चोख केले. परंतु दोन्ही वेळा धान्य कोणाच्या कोठारात गेले, हे आपण नजरेआड करू नये.

आता आपल्याकडे वळू. नोकरी संपवून किंवा सोडून लेखणी हाती घेण्याची परंपरा या जिल्ह्यात जुनी आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि ‘दीनबंधू’सारख्या पत्रांतून लिहू लागले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. मात्र पत्र दुसऱ्याचे होते, त्यांचे स्वतःचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही उणीव ओळखली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, ते राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्यावर. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरातीची जागासुद्धा जातीच्या मालकीची असते, हा धडा आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. परत निघालेल्या आपल्या माणसांवर त्या दिवशी हल्ले झाले. या घटनेची हकीकत आपल्या बाजूने कोण सांगणार होते? अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. बाबासाहेबांना अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागत. १९२९ मध्ये पैशाअभावी ते पत्र थांबले, १९३० मध्ये ‘जनता’ निघाले. म्हणजे सत्याग्रह आणि वृत्तपत्र ही दोन वेगळी कामे नव्हती. तळ्यावरचा हक्क आणि स्वतःची हकीकत स्वतः सांगण्याचा हक्क ही एकाच लढ्याची दोन अंगे होती. महाडच्या परिषदेसाठी राबलेले दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी ‘जीवनमार्ग’ सुरू केले. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून खोत-सावकारांविरुद्ध संप केला. त्या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढले. जो जो लढला, त्याला त्याला स्वतःचे पत्र काढावे लागले.

मग आजचे काय? १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला, तेव्हा त्यांना एकही सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके आणि संकेतस्थळे यांतील १२१ प्रमुख पदे तपासली. त्यांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस त्या पदांवर नव्हता. तंत्र बदलले, पडदा रंगीत झाला, पण संपादकाच्या खुर्चीची जात बदलली नाही.

म्हणून जे बाहेर पडून स्वतःचे काही उभे करतात, त्यांच्याकडे मी आस्थेने पाहतो. मराठी वाहिन्यांतून आलेल्या रवींद्र आंबेकरांचे ‘मॅक्स महाराष्ट्र’ आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये मुंबईत ग्रामीण भारताचे ‘पारी’ हे संग्रहस्थळ सुरू केले. बीबीसीच्या हिंदी सेवेत काम केलेल्या मीना कोतवाल यांनी २०२१ मध्ये दिल्लीत आपल्या संकेतस्थळाला ‘द मूकनायक’ हे नाव दिले. शंभर वर्षांनी ते नाव एका दलित स्त्रीने उचलले, ही घटना लहान नाही.

पण इथेच खोतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. खोतीत कूळ नांगर धरी, भात लावी, कापणी-मळणी करी, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. आजचा तरुण स्वतःच्या फोनने, स्वतःच्या खर्चाने चित्रण करतो आणि ते यूट्यूबवर ठेवतो. जाहिरातीच्या पैशात वाटा हवा असेल तर हजार सभासद आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे एवढी अट पुरी करावी लागते. त्यानंतरही लांब चित्रफितींच्या उत्पन्नातले शंभरातील पंचेचाळीस रुपये कंपनी ठेवते. ही जवळजवळ अर्धेलच झाली. कोणते चित्रण वर दिसेल आणि कोणते गाडले जाईल, हे कंपनीच ठरवते; नियम केव्हा बदलतील हेही तीच ठरवते. २०२० च्या जूनमध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील असंख्य मुलामुलींचे काम आणि त्यांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. खोताने कुळाला जमिनीवरून उठवावे, तसेच हे झाले. ती खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते, कायदा १९४९ मध्ये झाला. या नव्या खोतीविरुद्ध अजून धड मागणीही उभी राहिलेली नाही.

कोणी म्हणेल, मग ही माध्यमे वापरायचीच नाहीत काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. चरीच्या कुळांनी जमिनीवरचा हक्क सोडला नव्हता, त्यांनी खोताच्या अटी नाकारल्या होत्या. दर वर्षी २० मार्चला महाडला जमणाऱ्या गर्दीत मी पाहतो, प्रत्येक हातात फोन असतो. या हातांना काही गोष्टी शिकवल्या पाहिजेत, आणि त्या अवघड नाहीत.

पहिली गोष्ट, पडताळणी. लिटलच्या संस्थेने जे केले ते आपल्यालाही करता येते. चित्रण कोणी केले, कुठे केले, केव्हा केले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ते पुढे पाठवू नये. पाटीवरचे गावाचे नाव, मागे दिसणारा डोंगर, सावलीची दिशा यांवरून पुष्कळ कळते. आपली एक खोटी चित्रफीत आपल्या दहा खऱ्या तक्रारी खोट्या पाडायला पुरते.

दुसरी, मूळ प्रत. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे पाठवलेले चित्रण दाबले जाते आणि त्यासोबतची वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. मूळ प्रत ज्या फोनवर घेतली तिथे आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा पुरावा न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, हे वकिलाला विचारून घ्यावे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ मध्ये तर या गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे चित्रीकरण व्हावे अशीच तरतूद आहे. ती मागून घेतली पाहिजे.

तिसरी, मर्यादा. अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव, चेहरा, घर दाखवू नये. लैंगिक गुन्ह्यात तसे करणे हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते माणुसकीला सोडून झाले असते. आपले दुःख हा कोणाच्या प्रेक्षकसंख्येचा कच्चा माल नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, वर्गणी. कंपनीच्या अंगणात दुकान मांडावे, पण घर आपले असावे: स्वतःचे संकेतस्थळ, स्वतःचा संग्रह, वाचकांच्या पत्त्यांची स्वतःची यादी. त्याला पैसा लागतो आणि तो जाहिरातदाराकडून येणार नाही, हे ‘मूकनायक’च्या काळापासून आपल्याला ठाऊक आहे. जयंतीच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकावर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात तालुक्याचे एक संकेतस्थळ वर्षभर चालू शकेल. दोन मुले आणि दोन मुली चित्रण करतील, एक जाणते माणूस संपादन करील, घराघरातून महिन्याला थोडी वर्गणी निघेल. महाडला, माणगावला, अलिबागला, मुरूडला हे करता येण्याजोगे आहे.

त्यातून कोणी कोट्यधीश होणार नाही, आणि ते विकत घ्यायलाही कोणी मरडॉक येणार नाही. पण एखाद्या वाडीवर पाण्यावरून मारहाण झाली, तर तिची हकीकत कोणाच्या मेहेरबानीची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी जगासमोर असेल, आणि ती लिहिणाऱ्याचे नाव त्याच वाडीतले असेल.