विश्लेषण : पगार थांबतो, शाळा थांबत नाही... मावळ-लोणावळ्यातील घरखर्चाचे गणित का बिघडते?

तळेगाव दाभाडेच्या औद्योगिक पट्ट्यातला पगार आणि लोणावळ्याचा पावसाळी हंगाम, यांवर मावळ तालुक्यातील असंख्य घरे चालतात. गेल्या काही वर्षांत या दोन्हींचा भरवसा उरलेला नाही. कारखाना बंद होतो तेव्हा, किंवा धबधब्यावर बंदी येते तेव्हा, बातमी कंपनीची किंवा पर्यटकांची होते. घरात पहिली-दुसरीतली मुले असतील तर त्याच बातमीचा हिशेब फी, व्हॅनचे भाडे, दूध आणि वह्यांमध्ये मांडावा लागतो. हा हिशेब नेमका कुठे अडकतो, कायद्याने काय मिळते आणि लहान मुलग्यांवर या काळाचा परिणाम कसा होतो, याविषयी...

तळेगावात काय घडले?

जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील मोटारविक्री थांबवण्याचा निर्णय घेतला. तळेगावचा कारखाना मात्र निर्यातीसाठी सुरू राहिला. जानेवारी २०२० मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचे जाहीर झाले. त्यानंतर सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीसाठी केंद्राची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली, गलवानची चकमक झाली आणि हा व्यवहार परवानगीविना लटकला. २४ डिसेंबर २०२० रोजी तळेगावातील उत्पादन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, सुमारे १४०० कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. ग्रेट वॉलचा करार २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखान्याची मालमत्ता घेण्याचा करार केला. मालमत्ता घेतली म्हणजे कामगारही घेतले असे होत नाही. त्यामुळे तंटा, न्यायालय आणि आंदोलन सुरूच राहिले. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२५ मध्ये येथे प्रवासी मोटारींचे उत्पादन सुरू केले.

डिसेंबर २०२० मध्ये तीन वर्षांचा असलेला, अंगणवाडीत जाणारा मुलगा तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या तेव्हा तिसरीत पोहोचला होता. म्हणजे त्याच्या शाळेची पहिली सगळी वर्षे ‘कंपनीचे काय होणार’ या प्रश्नाखाली गेली. मधल्या काळात, सप्टेंबर २०२२ मध्ये, तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेरच पडली. राजकीय वाद बराच झाला. मावळातल्या घरांसाठी त्याचा अर्थ साधा होता : आणखी एक अपेक्षा कमी झाली.

‘ले-ऑफ’मध्ये हातात किती येते?

ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली असे नव्हे. नाव हजेरीपटावर राहते, काम नसते. औद्योगिक विवाद कायद्यानुसार अशा काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई देय होती. यातली मेख ‘मूळ वेतन’ या शब्दांत आहे. समजा, एखाद्याला महिन्याला ४० हजार रुपये मिळतात, पण मूळ वेतन व महागाई भत्ता १८ हजारांचाच आहे. बाकी घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम, प्रोत्साहन भत्ता. अशा वेळी ‘अर्धा पगार’ २० हजार नसतो, तो ९ हजार असतो. घराचा हप्ता मात्र पूर्ण ४० हजारांवर बेतलेला असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या बदलली असून भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाला तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. कामगाराच्या दृष्टीने ही बाजू चांगली. दुसरी बाजू अशी, की ले-ऑफ, कपात किंवा बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यांना होती, ती आता ३०० कामगारांपासून लागू होते. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत जमा करण्याची तरतूदही नव्या संहितेत आहे. नुकसानभरपाईव्यतिरिक्त मिळणारी ही रक्कम आहे.

राज्य कामगार विमा योजनेत असलेल्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम कमाल ९० दिवस मिळू शकते. पण या विम्याची वेतनमर्यादा २१ हजार रुपये आहे. मोठ्या कारखान्यातला कायम कामगार बहुधा तिच्या बाहेर असतो आणि कंत्राटी कामगाराला आपला विमा भरला जातो की नाही हेच अनेकदा माहीत नसते. तेव्हा पहिले काम म्हणजे विमा क्रमांक आणि भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक तपासणे, आणि तेही नोकरी असतानाच.

लोणावळ्यात पैसा आणि खर्च यांचे महिने का जुळत नाहीत?

हंगामावर जगणाऱ्या घराची अडचण वेगळी. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोच इथला माल आहे. चिक्कीच्या दुकानातील मदतनीस, मक्याची कणसे व भजी विकणारे, रिक्षा-टॅक्सीवाले, बंगल्यांचे राखणदार, पवना धरणाकाठी तंबू लावणारे तरुण यांची कमाई शनिवार-रविवारवर आणि त्यातही मोठ्या प्रमाणात जूनअखेर ते ऑगस्टवर अवलंबून असते. गावाकडे भाताची लावणी जुलैत होते आणि इंद्रायणीचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो. शाळा मात्र जूनच्या मध्यावर उघडते. दप्तर, बूट, रेनकोट, वह्या, व्हॅनची आगाऊ रक्कम हे सगळे कमाई सुरू होण्याआधी. त्यामुळे वाण्याची उधारी मे महिन्यात फुगते आणि ती फेडण्यात निम्मा हंगाम जातो.

त्यात हंगामच बुडाला तर? ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणे, गडकिल्ले परिसरात निर्बंध लावले, सायंकाळनंतर पर्यटकांना मनाई झाली. पुढच्या वर्षी १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळातीलच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पुन्हा निर्बंध आले. दुसऱ्याच दिवशी, १६ जूनला, शाळा सुरू झाल्या.

निर्बंध चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. जीव गेले होते. पण बंदीच्या आदेशात गर्दीचा विचार असतो, त्या गर्दीवर पोट असलेल्यांचा नसतो. शेतात नुकसान झाले तर पंचनामा होतो. बुडालेल्या हंगामाचा पंचनामा करण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

फी थकली तर शाळा दाखला अडवू शकते का?

अनेक पालक इथेच चुकीच्या समजुतीत राहतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयोगटातील मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी दाखला मागितल्यास मुख्याध्यापकांनी तो तातडीने द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. फीची थकबाकी हा शाळा आणि पालक यांच्यातला व्यवहार आहे. त्यासाठी मुलाचे वर्ष अडकवता येत नाही. करोनाकाळात राज्य सरकारने १२ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने खासगी शाळांना १५ टक्के फीकपात करायला सांगितले होते. तशी सरसकट सवलत आज नाही, मात्र हप्ते पाडून घेण्याची लेखी मागणी करता येते. ती तोंडी करू नये.

आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांचा मार्ग उत्पन्न अचानक घटलेल्या घराला फारसा उपयोगी पडत नाही. हे प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच होतात. दुसरीतल्या मुलाच्या वडिलांचे काम गेले तर त्याला तेथे जागा नाही. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक एक लाखाची मर्यादा आहे आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सरलेल्या वर्षाचा असतो. म्हणजे पगार यंदा बंद झाला, पण कागदावर अजून सुरूच आहे. (खासगी शाळांना या जागांतून सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे जागा तरी शाबूत राहिल्या.)

उरतो तो जिल्हा परिषद किंवा नगरपरिषद शाळेचा पर्याय. आठवीपर्यंत फी नाही, पाठ्यपुस्तके मोफत, दुपारचे जेवण. पैशांत मोजले तर दोन मुलांच्या घराला ही मोठी सवलत आहे. अडते ते बहुधा प्रतिष्ठेवर : ‘इंग्रजीतून काढून मराठीत घातले’ हे वाक्य नातेवाइकांसमोर उच्चारायचे कोणी?

फक्त मुलगे असलेल्या घराचे गणित वेगळे का?

सरकारी बचत आणि सवलतीच्या बऱ्याच योजना मुलींसाठी आहेत आणि त्यामागे कारणेही आहेत. सुकन्या समृद्धी आणि लेक लाडकी मुलींसाठी. व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घरांतील मुलींना जुलै २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तर मुलांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत. अगदी मोफत गणवेशही सरकारी शाळांतील सर्व मुलींना आणि केवळ अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांना मिळत असे. उरलेल्या मुलांचा समावेश २०२३-२४ पासून झाला. दोन मुलगे असलेल्या घराने त्यामुळे रडायचे कारण नाही, पण हिशेब धरताना या सवलती नाहीत हे लक्षात ठेवावे लागते. अशा घरात नियमित सरकारी रक्कम येत असेल तर ती बहुतेकदा आईच्या खात्यावरचे ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये, आणि तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तरच.

मुलग्यांचा खरा प्रश्न अपेक्षांचा आहे. ‘हाच पुढे घर चालवणार’ हे वाक्य सहा वर्षांच्या मुलासमोर सहज बोलले जाते.

घरातला ताण मुलापर्यंत कसा पोहोचतो?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या दशकातील महामंदीत वाढलेल्या मुलांचा अनेक दशके पाठपुरावा केला. त्यांचे निष्कर्ष मावळातही वाचावेत असे आहेत. मंदीच्या वेळी किशोरवयात असलेली मुले छोटी-मोठी कामे करून घराला हातभार लावत होती आणि पुढे तुलनेने सावरली. सर्वाधिक फटका बसला तो त्या वेळी अगदी लहान असलेल्या मुलग्यांना. मुली आईच्या जवळ राहिल्या. मुलग्यांच्या वाट्याला काम गेलेले, चिडलेले वडील आले. जिथे आई-वडिलांचे आपसात बरे होते, तिथे हा परिणाम कमी दिसला.

नंतर १९८० च्या दशकातील शेती संकटाच्या पार्श्वभूमीवर आयोवा राज्यातील ग्रामीण कुटुंबांचा अभ्यास रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांनी ही साखळी मांडली : पैशाची चणचण, त्यातून पालकांची खिन्नता, मग नवरा-बायकोतील खटके, मग मुलांवर आवाज चढणे, आणि शेवटी मुलाचे वागणे व अभ्यास बिघडणे. पैसा कमी झाला म्हणून मूल थेट बिघडत नाही. मधल्या पायऱ्यांवर बिघडते. हप्त्यावरचे भांडण मुलांसमोर न करणे, किंवा दिवसभर घरी असलेल्या वडिलांनी मुलाला शाळेत सोडण्याचे आणि गृहपाठाचे काम अंगावर घेणे, याला त्यामुळे पैशाइतकेच महत्त्व येते. मुलाला काहीच न सांगणेही बरे नाही. व्हॅन बंद झाली हे त्याला दिसतेच; कारण कळले नाही तर तो ते स्वतःच्या चुकीत शोधतो.

कर्ज काढायचेच तर कोणते?

भिशी आणि बचत गटाचा पैसा लवकर मिळतो, पण महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के हे मोजून घ्यावे. मोबाइल ॲपवरचे तत्काळ कर्ज सगळ्यात शेवटी, शक्यतो नाहीच. दागिने तारण ठेवण्याबाबत रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नियम बदलले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते आणि कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिने परत न केल्यास सावकारी संस्थेला दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. भविष्यनिर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरी गेल्यानंतर ७५ टक्के रक्कम लगेच, तर पूर्ण रक्कम १२ महिन्यांनंतर काढू देण्याचा निर्णय घेतला. पूर्वी पूर्ण रकमेसाठी दोन महिने थांबावे लागे.

रविवारी मुलाला गाडीवर बसवले तर?

हंगामात लोणावळ्यात हे दृश्य नवे नाही. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुटीत मदत करण्याला मात्र मुभा आहे, तीही काम धोकादायक नसेल तर. उकळत्या तेलाची कढई, स्टोव्ह आणि वाहता रस्ता या ‘मदती’त बसवणे कठीण आहे. शेजारच्या गाडीवर दिवसाच्या दोनशे रुपयांसाठी त्याच मुलाला उभे केले तर ती मदत उरत नाही, गुन्हा होतो. आणि रविवार रात्रीपर्यंत चालला की सोमवारच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काय लागते, हे वर्गशिक्षकांना ठाऊक असते.