अर्कयंत्रातील उसळी आणि तळाच्या खड्यांची निवड

पंचविध कषायकल्पनांत अर्काचे नाव नाही. तथापि रावणाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘अर्कप्रकाश’ ग्रंथात या कल्पनेचा सविस्तर विचार आढळतो, आणि आजही अनेक वैद्य घरच्या वा औषधशाळेतील लहान यंत्रावर ओव्याचा, बडीशेपेचा, गुलाबाचा अर्क काढतात. द्रव्य कोणते, पाणी किती, आच कशी, याविषयी आपल्यात पुष्कळ चर्चा होते. द्रव संथपणे उकळावा म्हणून पात्राच्या तळाशी काय घालावे, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. मग हाताशी येईल ते, संगमरवराची कपची, फुटक्या कपाचा तुकडा, काचेची गोटी, पात्रात पडते.

वाफेचा बुडबुडा जन्मास येण्यासाठी हवेचा सूक्ष्म कण अडकलेले एखादे छिद्र वा खाच लागते. गुळगुळीत काचपात्रात ती न मिळाल्यास पाणी १०० अंशांच्या वर काही अंश तापूनही शांत राहते आणि मग एकदम उसळते. यासच प्रयोगशाळेत ‘बंपिंग’ म्हणतात. भरड द्रव्य पात्रात असताना त्याचे कणच बुडबुड्यांना आधार देतात. म्हणून खरी अडचण येते ती गाळलेला द्रव वा पहिला अर्क पुन्हा यंत्रात घालताना. वस्त्रगाळ चूर्ण घातल्यास ते तळाशी बसून करपते व त्याखालूनही उसळी येते. तेथे उपाय खड्यांचा नव्हे, भरड चूर्णाचा व तळाशी जाळी ठेवण्याचा आहे.

उसळीने केवळ यंत्र हादरते असे नाही. पात्रातील कच्चा काढा नळीवाटे ग्राहकपात्रात जातो. असा अर्क किंचित रंगीत वा गढूळ होतो आणि त्यात वनस्पतीचे अंश उतरल्याने लवकर बिघडतो. स्वच्छ वाटीत थोडा अर्क जलतापनावर आटवून पाहावा. तळाशी तपकिरी डाग राहिला तर काढा वर चढला आहे, असे समजावे.

आमच्या मते सर्वांत सोयीचा पदार्थ म्हणजे झिलई न चढविलेल्या, पक्क्या भाजलेल्या चिनी मातीचे तुकडे. कुंभाराकडील नव्या माठाची खापरीही चालते. परंतु ती ठिसूळ असते व तिची माती द्रवात उतरू शकते. तुकडे हरभऱ्याएवढे करून धूळ जाईपर्यंत धुवावेत, दोन वेळा पाण्यात उकळून ते पाणी टाकावे आणि तव्यावर पूर्ण कोरडे करावेत, म्हणजे छिद्रांत पुन्हा हवा भरते. नव्या तुकड्यांपैकी एकाची भुकटी करून त्यावर लिंबाचा रस टाकावा. फेस आल्यास त्यात चुना आहे, ते तुकडे वापरू नयेत. याच कारणाने संगमरवर व शिंपले आम्लद्रव्यांच्या अर्कास अयोग्य ठरतात. फुटक्या कपाच्या झिलईदार पृष्ठभागास छिद्रेच नसतात. शिवाय जुन्या रंगीत झिलईत शिसे असण्याचा संभव असतो. काचेच्या गोट्या द्रव थोडा ढवळतात, पण त्यांचा पृष्ठभाग पात्राइतकाच गुळगुळीत. कोळसा तर सुगंधी तेलच शोषून घेतो. ज्यासाठी अर्क काढावयाचा तेच गमावून काय उपयोग?

धातूंपैकी पितळेचा कीस टाळावा. त्यात शिसे असू शकते व यंत्रशाळेचे तेल तर असतेच. तांब्याचा कीस आम्लद्रवात विरघळू लागतो. स्टीलच्या घासणीचे तुकडे वापरावयाचे असल्यास आधी लोहचुंबक लावून पाहावे. जोराने चिकटल्यास ते मुलामा दिलेले लोखंड असू शकते. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानांत टेफ्लॉनचे वा कार्बोरंडमचे खडे मिळतात. ते महाग असले तरी धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. खडे थंड द्रवातच, आच लावण्यापूर्वी घालावेत. एक लिटरला आठ-दहा पुरेत. घालण्याचे विसरल्यास आच बंद करून द्रव चांगला निवू द्यावा. तापलेल्या, शांत दिसणाऱ्या द्रवात खडा टाकणे म्हणजे सारी साठलेली उसळी स्वतःच्या हातातोंडावर घेणे होय. मध्येच आच थांबली व द्रव थंड झाला, तर जुन्या खापरीच्या छिद्रांत पाणी शिरलेले असते. पुन्हा पेटविण्यापूर्वी नवे खडे घालावेत.

ज्येष्ठमध, गोक्षुर यांसारख्या द्रव्यांचा फेस हा निराळा दोष आहे. खड्यांनी तो शमत नाही. पात्र निम्मेच भरावे व आच मंद ठेवावी. वर लिहिलेले सर्व जलीय अर्कांपुरतेच आहे. मद्याचे पातन परवान्याविना करता येत नाही, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

वापरलेली खापरी टाकून द्यावी. एका द्रव्याचा वास तिच्यात मुरतो, आणि ओव्याच्या खड्यांवर काढलेला गुलाबाचा अर्क रुग्ण परत आणून देतो.