विरोधकाला आपल्या ग्रंथात जागा देणारा अन्सेल्म
मठातले विचारवंत : लेखांक ६

नॉर्मंडीतील बेक मठाची शाळा लॅनफ्रँकने कशी नावारूपाला आणली, ते मागच्या लेखात पाहिले. त्या शाळेच्या ओढीने आल्प्स ओलांडून आलेला एक शिष्य पुढे गुरूपेक्षा मोठा ठरला. अन्सेल्म आओस्टाचा, जन्म १०३३ चा. आई गेली, वडिलांशी पटेना, तेव्हा त्याने घर सोडले. १०६० मध्ये बेकमध्ये त्याने मठवासाची दीक्षा घेतली आणि १०७८ मध्ये तो त्या मठाचा प्रमुख झाला.

मठातल्या बंधूंनी त्याच्याकडे एक अवघड मागणी केली होती. देवाच्या स्वरूपाविषयी लिहा, पण बायबलमधल्या वचनाचा आधार घेऊ नका. जे सांगाल ते तर्काने पटवा. त्यातून ‘मोनोलोगिऑन’ हा ग्रंथ झाला. तोवर कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या लॅनफ्रँकला तो खटकला. पूर्वाचार्यांची प्रमाणे कुठे आहेत, असा त्याचा आक्षेप. अन्सेल्मने नम्रपणे उत्तर पाठवले, ग्रंथ मात्र बदलला नाही. त्याला श्रद्धेवर शंका घ्यायची नव्हती. श्रद्धा आधीच पक्की होती. जे मानतो ते समजूनही घ्यावे, एवढाच त्याचा हट्ट होता.

मग त्याला वेगळाच ध्यास लागला. पुराव्यांची लांबलचक साखळी नको, देवाचे अस्तित्व सिद्ध करणारी एकच युक्ती हवी. त्याचा चरित्रकार ईडमर सांगतो की, या विचाराने अन्सेल्मची तहानभूक हरपली, झोप उडाली, प्रार्थनेतही मन लागेना. हा सैतानाचा मोह तर नव्हे, असे त्याला वाटू लागले. अखेर एका रात्री, प्रार्थना चालू असतानाच, उत्तर सुचले. त्याने ते मेणाच्या पाट्यांवर टिपले आणि पाट्या एका बंधूकडे सांभाळायला दिल्या. काही दिवसांनी मागितल्या, तर त्या गायब! कुणालाच काही ठाऊक नव्हते. त्याने पुन्हा लिहून दिले. बंधूने या पाट्या बिछान्याजवळ जपून ठेवल्या; दुसऱ्या दिवशी त्या जमिनीवर पडलेल्या आणि मेणाचे तुकडे इतस्ततः विखुरलेले सापडले. तुकडे गोळा करून, जुळवून, मजकूर कसाबसा वाचला गेला आणि अन्सेल्मने तो चर्मपत्रावर उतरवून घेतला. हाच १०७७-७८ चा ‘प्रोस्लोगिऑन’.

त्यातली युक्ती अशी. ज्याहून मोठे काही कल्पिताच येत नाही, तो देव. देव नाही म्हणणाऱ्या मूर्खालाही ही व्याख्या कळते, म्हणजे असे काही त्याच्या मनात तरी आहेच. पण ते फक्त मनातच असेल, तर मनात आणि प्रत्यक्षातही असणारे त्याहून मोठे ठरेल. मग ‘ज्याहून मोठे कल्पिता येत नाही’ त्याहूनही मोठे काही कल्पिता आले! ही विसंगती टाळायची, तर ते प्रत्यक्षातही असलेच पाहिजे.

वाचताना काहीतरी निसटल्यासारखे वाटते ना? तूरजवळच्या मार्मूतिए मठातल्या गोनिलोलाही तेच वाटले. तोही मठवासी, तोही श्रद्धावान. पण त्याने मूर्खाचे वकीलपत्र घेतले. समुद्रात कुठेतरी हरवलेले एक बेट आहे, सर्व बेटांहून सुंदर, असे कुणी सांगितले तर मला ते समजेल. पण ते सर्वोत्कृष्ट आहे म्हणून ते असलेच पाहिजे, असे तो म्हणू लागला, तर तो थट्टा करतोय की आपल्यापैकी मूर्ख कोण, हेच मला कळणार नाही.

अन्सेल्मचे उत्तर मुद्देसूद आणि किंचित मिस्कील आहे. बेटाला आरंभ आणि शेवट असू शकतो, म्हणून ते नसण्याची कल्पना करता येते. माझी युक्ती लागू पडते ती एकालाच. बेटाला ती लागू करून दाखवा, ते बेट शोधून तुमच्या हवाली करतो, पुन्हा हरवणार नाही! मात्र महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची. त्याने टीकाकाराचे आभार मानले आणि यापुढे ‘प्रोस्लोगिऑन’ची नक्कल करताना गोनिलोचा आक्षेप आणि आपले उत्तर ग्रंथाला जोडावे, असे सांगून ठेवले. पूर्वपक्ष खोडायला आपल्या सोयीचा बनवून घेता येतो; इथे तो खुद्द प्रतिपक्षाच्या शब्दांत वाचकापुढे आला. पुढे थॉमस अक्वायनसने ही युक्ती नाकारली, देकार्तने ती नव्या रूपात मांडली, कांटने मोडीत काढली, विसाव्या शतकात गणितज्ञ ग्योडेलने तिला तर्कशास्त्राच्या चिन्हांत बसवले.

१०९३ मध्ये आजारी राजा दुसऱ्या विल्यमने अन्सेल्मला कँटरबरीचा आर्चबिशप नेमले. तो नको नको म्हणत असताना बिशपांनी धर्मदंड त्याच्या मिटलेल्या मुठीवर दाबून धरला. पुढे चर्चच्या अधिकारांवरून राजांशी खटके उडाले आणि दोनदा देशत्याग घडला. पहिल्या परागंदा काळात, १०९८ मध्ये, इटलीत त्याने ‘कुर देउस होमो’ पूर्ण केला. देवाने मनुष्य का व्हावे, हा त्यातला प्रश्न. सैतानाचा माणसावर हक्क होता आणि तो देवाने चुकता केला, ही जुनी समजूत त्याने नाकारली. पापाने देवाचा मान हिरावला. भरपाई माणसाने करायची, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून देव-मानव, असा त्याचा युक्तिवाद. ग्रंथ संवादरूप आहे आणि अश्रद्धांचे आक्षेप मांडतो बोसो. अर्थात बोसो त्याचाच शिष्य, शेवटी त्याला सगळे पटतेच. गोनिलोची धार त्याला नाही.

अन्सेल्म २१ एप्रिल ११०९ रोजी निवर्तला. त्यानंतर १२ वर्षांनी स्वासाँच्या धर्मसभेत पीटर ॲबेलार्ड या मठवासी पंडिताला आपलाच ग्रंथ स्वतःच्या हाताने आगीत टाकावा लागला. तर्काने श्रद्धेचा शोध घेण्याची वाट तीच होती. मात्र आक्षेपाला उत्तर द्यायची संधी त्याला मिळाली नाही. त्याची हकीकत पुढच्या लेखांकात.